हेडलाईटला रिले आणि पुढे दोन फॉग लॅम्प: गाडीचं वायरिंग नीट कसं करायचं

हेडलाईटचा उजेड कमी पडतोय असं वाटलं की लोक थेट जास्त वॅटचा बल्ब आणायला जातात. त्याआधी एक माप घ्या. इंजिन चालू ठेवून डिपर, म्हणजे हेडलाईटचा खालचा झोत, लावा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. मग बल्ब पेटलेला असतानाच त्याच्या होल्डरला मागच्या बाजूने मीटरच्या पिना टेकवून तेच माप पुन्हा घ्या. बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर मोजलंत तर काहीच कळणार नाही. करंट वाहत नसेल तर व्होल्टेज पडतही नाही, मीटर पूर्ण आकडा दाखवतं आणि सगळं ठीक आहे असा समज होतो.

बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर १२ व्होल्ट दिसले, तर दुखणं बल्बात नाही. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १३ टक्के घटलं की उजेड ३५ ते ४० टक्के जातो. एच४ हा डिपर आणि अप्पर (वरचा झोत) अशी दोन फिलामेंट असलेला बल्ब. त्याचा नेहमीचा ६०/५५ वॅटचा (अप्परला ६०, डिपरला ५५) बल्ब १३.२ व्होल्टवर डिपरला सुमारे १००० लुमेन देतो, तोच १२ व्होल्टवर सुमारे ७५० वर येतो. अशा गाडीत दुकानातला सगळ्यात महाग बल्ब लावला तरी त्याला अर्धपोटीच जळावं लागतं.

हा लेख एच४ हॅलोजन बल्ब असलेल्या गाड्यांसाठी आहे. जुनी ऑल्टो, वॅगन आर, बोलेरो या त्यातल्या. हेडलाईटला रिलेचं (थोड्या करंटवर चालून मोठा करंट उघडबंद करणाऱ्या स्विचचं) वेगळं वायरिंग आणि बंपरमध्ये ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प, एवढं काम आपण बघू. ज्या गाड्यांत दिव्यांचं नियंत्रण कॉम्प्युटर करतो, त्यांची गोष्ट वेगळी आहे. ती पुढे येईल.

व्होल्टेज जातं कुठे

रिले नसलेल्या गाडीत हेडलाईटचा सगळा करंट बॅटरीतून निघून फ्यूज बॉक्समधून डॅशबोर्डखाली येतो, स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधून जातो आणि पुन्हा बॉनेटमध्ये परत येऊन दिव्यांना मिळतो. दोन्ही डिपर मिळून ११० वॅट, म्हणजे ९ ते १० अँपिअर. तांब्याच्या १ स्क्वेअर एमएम वायरचा रोध मीटरला साधारण १७.५ मिलिओहम असतो. अशा ४ मीटर वायरीतून १० अँपिअर गेले की ०.७ व्होल्ट वायरीतच संपतात. वर स्विचचे झिजलेले काँटॅक्ट, गंजलेले कपलर आणि बॉडीवरचं सैल अर्थिंग आपापला वाटा घेतात.

आता बॅटरीपासून दिव्यापर्यंत २ मीटरचा सरळ रस्ता काढला आणि वायर २.५ स्क्वेअर एमएमची घेतली, तर तेच १० अँपिअर नेताना फक्त ०.१४ व्होल्ट पडतात. रिलेच्या वायरिंगचा सगळा फायदा या एका आकड्यात आहे. रिले स्वतः उजेड वाढवत नाही. तो जाड आणि आखूड रस्ता उघडबंद करतो, आणि तो उघडायला मूळ स्विचला फक्त ०.१५ ते ०.२ अँपिअर पुरवावे लागतात. त्यामुळे स्विचही जळायचा वाचतो. कॉम्बिनेशन स्विच बदलायचा खर्च ज्यांनी केला आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

याची एक बाजू आधीच माहीत असू द्या. बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळालं की त्याचं आयुष्य कमी होतं. हॅलोजनला ५ टक्के जास्त व्होल्टेज दिलं तर आयुष्य जवळपास अर्ध्यावर येतं. रिले लावल्यावर बल्ब पूर्वीपेक्षा लवकर गेला, तर वायरिंग चुकलं असं समजू नका. मात्र इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.८ च्या वर आकडा दिसत असेल तर आधी अल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासून घ्या.

बल्ब कोणता

६०/५५ च घ्या. बाजारात १००/९० वॅटचे एच४ सहज मिळतात आणि रिले लावलाच आहे तर ते टाकून द्या असा सल्लाही मिळतो. वायर तेवढी जाड घेतली तरी उष्णता कुठे जाणार? प्लास्टिकच्या रिफ्लेक्टरचा चकचकीत थर आधी काळवंडतो, मग त्याला फोड येतात. चकाकी गेलेल्या रिफ्लेक्टरमध्ये १०० वॅटही मंदच दिसतात आणि अख्खी असेंब्ली बदलावी लागते. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर काय होतं ते वेगळंच.

एलईडीबद्दल दोनच गोष्टी. एच४ चा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते आणि तीच उजेडाची वरची कड कापते. एलईडीच्या चिपा त्या जागेवर तंतोतंत बसत नाहीत, मग उजेड भरपूर पडतो पण कड फाटते आणि सगळा झोत समोरच्याच्या काचेवर जातो. दुसरं म्हणजे एलईडीच्या आत स्वतःचा ड्रायव्हर असतो, तो व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तरी सांभाळून घेतो. त्यामुळे एलईडीसाठी रिलेचं वायरिंग केलं तर उजेडात फरक पडत नाही. रिलेचा खरा उपयोग हॅलोजनलाच.

कायद्याचंही स्पष्ट असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ठरल्या वॅटचा बल्ब आणि कंपनीने आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला दिलेला फॉग लॅम्पचा सेट घेणं, हा सगळ्यात निर्धास्त मार्ग. काही मॉडेलमध्ये खालच्या व्हेरिएंटच्या बंपरमागेही फॉगचा कपलर रिकामा लटकत असतो. नवीन वायर ओढायच्या आधी वाकून एकदा बघा.

सामान

रिले १२ व्होल्ट, ३०/४० अँपिअरचे. डिपरला एक, अप्परला एक, फॉगला एक, असे तीन, सॉकेटसह. वायर २.५ स्क्वेअर एमएम मुख्य लाईनला, १.५ प्रत्येक दिव्याच्या फाट्याला आणि ०.७५ रिलेच्या कॉइलला पुरते. वायर गाडीचीच घ्या. घरगुती वायरिंगच्या साध्या वायरीचं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं असतं, गाडीच्या वायरीचं इन्सुलेशन १०५ अंशांपर्यंत टिकतं, आणि बॉनेटखाली हा फरक एका उन्हाळ्यात दिसतो. एच४ चे सिरॅमिक होल्डर दोन. झाकणवाले ब्लेड फ्यूज होल्डर तीन आणि १५ अँपिअरचे निळे फ्यूज. रिंग थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची रिंग), चिकट अस्तराची हीट श्रिंक स्लीव्ह, काळा कंड्युट पाईप, केबल टाय, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकाच्या कडेला बसणारी कडी). चांगला क्रिंपिंग प्लायर. साध्या पक्कडीने दाबलेलं थिंबल दिसायला घट्ट असतं, पण वर्षभरात सैल होतं.

१५ अँपिअरचाच फ्यूज का, तर ५५ चे दोन दिवे ९ ते १० अँपिअर घेतात आणि अप्परचे ६० चे दोन १० ते ११. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या मानाने खूप कमी असल्याने पेटताना क्षणभर कितीतरी पट करंट जातो. १० चा लाल फ्यूज म्हणूनच आज ना उद्या उडतो. तो उडाला म्हणून ३० चा हिरवा टाकणं हा मात्र आगीला दिलेला परवाना आहे. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसतो, वायरीच्या रक्षणासाठी असतो. म्हणूनच तो बॅटरीच्या प्लसपासून १५ ते २० सेंटीमीटरच्या आत हवा. दिव्याजवळ फ्यूज लावला आणि मधली मीटरभर वायर कुठे पत्र्याला घासली, तर तो फ्यूज बघत बसतो आणि वायर जळते.

हेडलाईटची जोडणी

आधी बॅटरीचं मायनस काढा. परत लावताना ते सगळ्यात शेवटी.

रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीतून फ्यूजमधून आलेली जाड वायर. ८७ मधून दिव्याकडे. ८६ ला मूळ होल्डरमधून येणारा इशारा. ८५ अर्थला. आत डायोड असलेल्या रिलेत ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हेच पाळावं लागतं, उलट केलं तर डायोडमधून थेट शॉर्ट होतं. पाच पायांच्या रिलेत मधला ८७ए असतो, तो रिले बंद असताना ३० ला जोडलेला असतो. घाईत वायर तिथे लागली तर गाडी बंद केली तरी दिवे जळत राहतात आणि स्विच लावला की विझतात. असं उलटं वागणं दिसलं की दुसरीकडे शोधू नका.

तयार किटमध्ये एक प्लग येतो, तो गाडीच्या एका बाजूच्या मूळ एच४ होल्डरमध्ये बसतो आणि तिथून दोन्ही रिलेंना इशारा मिळतो. दुसऱ्या बाजूचा मूळ होल्डर रिकामा राहतो, त्याला पाणी जाणार नाही असा बंद करून बांधून ठेवा. मूळ वायर कुठेही कापायची नाही. उद्या काही बिघडलं तर किटचा प्लग काढून जुना होल्डर बल्बला लावला की गाडी पूर्ववत, रात्री रस्त्यावर याचा मोठा आधार असतो.

इथे एक जागा अशी आहे जिथे चांगले इलेक्ट्रिशियनही तासन् तास अडकतात. काही गाड्यांत, विशेषतः बऱ्याच जपानी घराण्याच्या डिझाईनमध्ये, स्विच प्लस तोडत नाही, अर्थ तोडतो. होल्डरच्या सामाईक पिनेवर प्लस कायम असतो आणि डिपर-अप्पर बदलताना अर्थ इकडचा तिकडे होतो. नेहमीचं किट अशा गाडीत लावलं तर रिले टिकसुद्धा करत नाही, कारण त्याच्या कॉइलला दोन्हीकडून अर्थच मिळतो. ओळखायचं असं: होल्डर बल्बपासून काढा, हेडलाईट लावा, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला लावून होल्डरच्या तिन्ही पिना तपासा. डिपरवरून अप्परवर गेल्यावर १२ व्होल्ट एका पिनेवरून दुसरीवर उडी मारत असतील तर स्विच प्लसवर आहे, नेहमीचं किट चालेल. १२ व्होल्ट एकाच पिनेवर ठाण मांडून असतील तर स्विच अर्थवर आहे. तेव्हा दोन्ही रिलेंचं ८६ त्या कायम प्लसच्या पिनेला जोडा, डिपरच्या रिलेचं ८५ डिपरच्या पिनेला आणि अप्परच्या रिलेचं ८५ अप्परच्या पिनेला. बॉडीला काही नाही. दिव्यांकडची बाजू तीच राहते.

रिले बॅटरीजवळ, पण पाय खाली करून बसवा, म्हणजे पाणी सॉकेटमध्ये साठत नाही. वायर कंड्युटमधून न्या आणि रेडिएटरचा पंखा, एक्झॉस्ट आणि स्टिअरिंगचा रॉड यांच्यापासून लांब ठेवा. दर १५-२० सेंटीमीटरला केबल टाय. जोड डागण्यापेक्षा क्रिंप करा. डागलेल्या ठिकाणी वायर कडक होते आणि थरथरीने नेमकी त्याच्या कडेला तुटते. साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात वितळून चिकट होते आणि सुटते, ती जोडावर नको.

अर्थिंगला दुय्यम समजू नका. प्लसमधून जेवढा करंट जातो तेवढाच अर्थमधून परत यायचा असतो, तेव्हा वायर तेवढीच जाड. बॉडीवर जिथे थिंबल बसणार तिथला रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, बोल्ट घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. प्लास्टिकच्या फ्रेममध्ये घुसलेल्या स्क्रूवर अर्थ देऊन काही होत नाही, आणि हे जितक्या गाड्यांत सापडतं तितकं सापडायला नको.

फॉग लॅम्पची जोडणी

फॉगच्या रिलेलाही ३०, ८७, ८५ तसंच. ८७ मधून २.५ ची वायर बंपरच्या मध्यापर्यंत आणि तिथून १.५ चे दोन फाटे. विचार करायचा तो ८६ चा. डॅशबोर्डवरच्या स्विचला प्लस पार्किंग लाईटच्या लाईनमधून द्या. पार्किंग लाईट चालू असतील तरच फॉग लागतात आणि लाईट बंद केले की तेही बंद होतात. स्विच थेट बॅटरीवर ठेवला तर फॉग विसरून राहतात आणि सकाळी गाडी स्टार्ट होत नाही. कॉइल ०.२ अँपिअरच घेते, त्यामुळे पार्किंगच्या फ्यूजवर ताण येत नाही. हा प्लस वायर सोलून किंवा चिमटा मारून न घेता फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर देणाऱ्या जोडाने) घ्या. डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातल्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या असतात. इंजिनकडून आत येताना वायर ग्रोमेटमधूनच यायला हवी. उघड्या पत्र्याच्या भोकातून ओढलेली वायर दोन पावसाळ्यांत सोलली जाते.

फॉगच्या बल्बमध्ये एक फसगत हमखास होते. एच११ हा ५५ वॅटचा, एच८ हा ३५ चा आणि एच१६ हा १९ चा. तिघांची बैठक सारखी दिसते, पण खाचा वेगळ्या असतात, मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या. कानस मारून एच११ ला १९ वॅटच्या दिव्यात बसवता येतं, आणि मग काच आतून धुरकट होऊन प्लास्टिक वाकतं. दिव्यावर छापलेलं वॅट बघा आणि तेच घाला.

फॉग लॅम्पकडून अपेक्षाही योग्य ठेवा. त्याचा झोत रुंद, चपटा आणि जवळचा असतो. आंबोली किंवा माळशेज घाटात ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा अप्परचा उजेड धुक्यावरून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. खाली बसवलेला फॉग त्या पडद्याच्या खालून जाऊन पांढरी पट्टी आणि रस्त्याची कड दाखवतो. कोरड्या रात्री एक्स्प्रेस वेवर तो लावून लांबचं जास्त दिसत नाही, उलट जवळचा रस्ता उजळल्यामुळे डोळे लांबचं कमी टिपतात.

तपासणी

फ्यूज टाकायच्या आधी सगळे बल्ब काढा आणि मीटर बझरवर ठेवून ८७ च्या वायरीपासून अर्थपर्यंत लावा. आवाज येता कामा नये. बल्ब जागेवर ठेवून ही तपासणी केली तर थंड फिलामेंटमुळे मीटर शॉर्टसारखाच वाजतो आणि नसलेला दोष शोधण्यात दुपार जाते. बल्ब परत बसवताना काचेला बोट लागू देऊ नका. हाताचं तेल राहिलेली जागा जास्त तापते आणि बल्ब फुटतो.

मग फ्यूज टाका, इंजिन चालू करा, दिवे लावा आणि पुन्हा मोजा. बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लसपर्यंतचा फरक ०.३ ते ०.४ व्होल्टच्या आत हवा, बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतचा ०.१ ते ०.२ च्या आत. अर्धा तास दिवे जळत ठेवून फ्यूज होल्डर, रिले सॉकेट आणि जोड हाताने चाचपा. कोमट असेल तर ठीक, बोट ठेववत नसेल तर तिथलं क्रिंप पुन्हा करा.

इंडिकेटर दिला की हेडलाईट किंवा पार्किंग लाईटही लुकलुकतो, किंवा अप्पर लावला की डिपरचं फिलामेंटही मंद लाल होतं, तर अर्थ सैल आहे आणि करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतोय. रिले भुंग्यासारखा गुणगुणत असेल तर त्याला येणारा इशारा अखंड नाही. नव्या गाड्यांत दिव्यांचा कॉम्प्युटर व्होल्टेज तुकड्यातुकड्याने देतो, तिथे हे होतं, आणि बल्ब गेल्याची खूणही डॅशबोर्डवर येते. अशा गाडीत बाजारातलं साधं किट लावू नका. वॉरंटीच्या काळात तर मुळीच नाही. शिवाय गाडीला आग लागली तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न बाहेरून केलेल्या वायरिंगबद्दल असतो.

झोत बसवणं

हे न करता काम संपलं असं म्हणता येत नाही. टायरमध्ये बरोबर हवा, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस, लेव्हलिंगचा (झोत वर-खाली करायचा) नॉब शून्यावर, आणि सपाट जागी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरची वरची कड त्या रेषेच्या ५ सेंटीमीटर खाली यायला हवी, म्हणजे १ टक्का उतार. फॉगसाठी त्याच्या स्वतःच्या उंचीपासून १० सेंटीमीटर खाली. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डिपरची कड डावीकडे वर चढलेली हवी. ती उजवीकडे चढत असेल तर असेंब्ली उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीची आहे, आणि ती स्क्रू फिरवून सुधारत नाही, परत करावी लागते. मागे चार माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं तोंड वर होतं. तेव्हा नॉब एक-दोन घर खाली घ्या, आणि नॉब नसेल तर झोत बसवतानाच नेहमीचा भार गाडीत ठेवा.